जुनी स्पोर्ट्स कार, रोजची गाडी



आजच्या बोलण्याचा विषय सांगितला की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतात. पहिला, "एवढे पैसे आले कुठून?" आणि दुसरा, अर्थातच, "किती देते?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं मी आकड्यांत देणार आहे. पण त्याआधी गाडी कोणती, ते सांगते.

मी मूळची इंदूरची. ऑटोमोबाइल इंजिनिअर आहे. २०१३ ते २०१८ ही पाच वर्षं मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहून नोकरी केली आणि त्या पाचही वर्षांत मी रोज कामावर जाण्यासाठी १९७१ सालची एमजीबी जीटी चालवली. रोज म्हणजे खरोखर रोज. पावसात, बर्फात, सोमवारी सकाळी, सगळ्यांसोबत रांगेत उभं राहून. जायला २४ किलोमीटर, यायला २४ किलोमीटर. पाच वर्षांत साधारण ६० हजार किलोमीटर झाले.

एमजी हे नाव आज आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. २०१९ मध्ये हेक्टर आली, तेव्हापासून. पण एमजी म्हणजे मुळात मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधलं. तिथे सेसिल किंबर नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांना देखण्या, चपळ बॉडी चढवायला सुरुवात केली. साध्या गाडीचे भाग घ्यायचे आणि सामान्य पगारदाराला परवडेल अशी स्पोर्ट्स कार बनवायची, हा एमजीचा धंदा. एमजीबी ही त्या घराण्यातली सर्वांत जास्त खपलेली गाडी. १९६२ ते १९८० अशी १८ वर्षं ती ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला बनली, पाच लाखांहून जास्त. १९६५ मध्ये तिची छप्पर असलेली जीटी आली. त्या छपराच्या रेषेत इटलीच्या पिनिनफारिनाचा हात होता.

आता या गाडीचं आणि आपलं नातं. बॉनेट उघडलं की आत १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन दिसतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला परकं वाटलंच नाही. कारण आमच्या घरच्या अ‍ॅम्बेसिडरमध्ये त्याचाच धाकटा भाऊ होता, १४८९ सीसीचा. तेच कुळ, तीच मांडणी, तसाच टॅपेटचा आवाज. एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५ मध्ये आली, तिच्यात तर अगदी १४८९ सीसीचंच इंजिन होतं, दोन कार्ब्युरेटर लावलेलं. म्हणजे बघा, जे इंजिन इंग्लंडमध्ये तरुण पोरं स्पोर्ट्स कार म्हणून पळवत होती, तेच आपल्याकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघून कलेक्टर साहेबांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला वाहून नेत होतं. १९८४ मध्ये कॉन्टेसा आली, तीही सुरुवातीला याच १४८९ सीसीवर. आणि मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डची चासी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारच्या चासीची सख्खी बहीण. तेव्हा जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे फक्त परदेशी चोचले, असं समजू नका. तिचे अवयव आपण वर्षानुवर्षं वापरले आहेत.

आधी पैशांचा हिशेब. मी एक वही ठेवली होती, त्यातून वाचते.

गाडी घेतली साडेचार हजार पौंडांना. तेव्हाच्या भावाने सुमारे चार लाख रुपये. त्या किमतीत तिथे पाच-सहा वर्षं वापरलेली छोटी हॅचबॅक मिळायची. पहिल्या वर्षी गाडीवर १,४०० पौंड खर्च झाले: टायर, ब्रेकचे होज, कार्ब्युरेटरचं काम आणि सिलिंडर हेड. दुसऱ्या वर्षी ७००. तिसऱ्या वर्षी गंजलेला पत्रा बदलला, २,२०० पौंड. चौथ्या वर्षी ६००, पाचव्या वर्षी ८००. एकूण ५,७००. भारतात परतताना गाडी विकली साडेपाच हजारांना. म्हणजे पेट्रोल आणि विमा सोडून पाच वर्षांचा निव्वळ खर्च झाला ४,७०० पौंड.

आता "किती देते?" याचं उत्तर. लिटरला साडेनऊ किलोमीटर. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी नवी छोटी गाडी चालवायचा, ती १८ द्यायची. ६० हजार किलोमीटरमध्ये या फरकापायी माझे सुमारे ३,७०० पौंड जास्त गेले. ते धरून माझे झाले ८,४००. त्या सहकाऱ्याचा नव्या गाडीचा भाडेकरार महिन्याला २०० पौंडांचा होता. पाच वर्षांत १२ हजार, आणि शेवटी गाडी परत द्यायची.

इथे बरेच जण टाळ्या वाजवतात. थांबा जरा. वहीत आणखी एक रकाना आहे, तासांचा. ग्रीस करणं, पॉइंट साफ करणं, टॅपेट लावणं, तेल बदलणं ही कामं मी स्वतः करायचे. महिन्याला सरासरी सहा तास, पाच वर्षांत ३६० तास. त्या तासांची मजुरी गॅरेजच्या दराने लावली तर नवी गाडी स्वस्त पडते. तेव्हा ज्याला हात काळे करायला आवडत नाही, त्याने पैसे वाचवण्यासाठी जुनी गाडी घेऊ नये. ज्याला आवडतं, त्याचे ते तास खर्चात धरू नयेत. माझ्या हिशेबाचं सार एवढंच.

विम्याची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे जुन्या गाड्यांचा विमा स्वस्त असतो, पण बऱ्याच पॉलिसींमध्ये वर्षाला किती मैल चालवणार याची मर्यादा असते आणि रोज कामावर नेण्याला मनाई असते. विमा कंपन्यांनी जुनी गाडी म्हणजे रविवारची गाडी असं गृहीत धरलेलं असतं. रोजचा वापर स्पष्ट लिहून घेऊन, थोडा जास्त हप्ता भरूनच मी पॉलिसी घेतली. त्यात गाडीची किंमत आधीच ठरवून लिहिलेली होती, म्हणजे अपघात झाला तर "पन्नास वर्षांची गाडी, भंगाराचा भाव घ्या" असं कुणी म्हणू शकत नाही.

आता रोज चालवणं म्हणजे नेमकं काय, ते सांगते.

सकाळी थंडीत चोक ओढायचा. किल्ली फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येते. ती थांबली की कार्ब्युरेटर भरले, मग स्टार्टर. पहिला दीड किलोमीटर इंजिनाला दामटायचं नाही, कारण तेल २०डब्ल्यू-५०, घट्ट, ते वरपर्यंत पोहोचायला वेळ घेतं. हळूहळू चोक आत. ब्रेकवर पाय नव्या गाडीपेक्षा दुप्पट जोराने ठेवावा लागतो, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर जास्त. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबलेली असताना स्टिअरिंग फिरवायचं नाही, किंचित पुढे सरकत फिरवायचं. गाडी हायवेला लागली की ओव्हरड्राइव्हचा खटका दाबायचा, इंजिनाचे फेरे खाली येतात आणि आवाज शांत होतो.

वेग? तुमची आजची साधी हॅचबॅक सिग्नलवर हिला सहज मागे टाकेल. नवी होती तेव्हा इंजिनाची ताकद ९५ अश्वशक्तीच्या आसपास. पण तुम्ही रस्त्यापासून वीतभर वर बसलेले असता, स्टिअरिंगमधून रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळतो आणि ताशी ६० किलोमीटरला जी मजा येते ती नव्या गाडीत १२०ला येत नाही. रोजच्या गाडीसाठी हा फार मोठा गुण आहे. कारण रोजचा रस्ता ६०चाच असतो. कायद्यात राहून, परवान्याला धक्का न लावता मजा येते.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जुनी गाडी रोज चालवली की ती जास्त चांगली चालते. ही भावनेची गोष्ट नाही, यंत्राची आहे. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ब्रेकचं तेल ओलावा धरतं आणि व्हील सिलिंडरचे पिस्टन अडकतात. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट गाळ मागे राहतो. रबराचे सील सुकून तडकतात. बॅटरी बसते. टायर एका जागी चपटे होतात. सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी आतून पत्रा खातं, कारण ते उडून जाण्याइतका सायलेन्सर कधी तापतच नाही. माझ्या ओळखीतल्या लोकांच्या रविवारच्या गाड्या माझ्या गाडीपेक्षा चकचकीत होत्या, पण बंद जास्त पडायच्या.

पाच वर्षांत माझी गाडी मला ऑफिसला वेळेवर पोहोचवू शकली नाही, असं तीन वेळा झालं. एकदा फॅन बेल्ट तुटला. एकदा पेट्रोल पंप अडला. पहिल्या दिवशी पान्याने हलकेच ठोकल्यावर चालू झाला, दुसऱ्या दिवशी मात्र नाही. आणि एकदा डिस्ट्रिब्युटरमधला रोटर आर्म गेला. तो रोटर आर्म जेमतेम दोन महिन्यांपूर्वी बसवलेला, नवा कोरा होता. जुन्या गाडीच्या मालकाला हे सगळीकडे ऐकायला मिळेल: भाग मिळतात, पण स्वस्तात बनवलेले नवे भाग कधी कधी पन्नास वर्षांच्या जुन्या भागापेक्षा कच्चे निघतात. म्हणून चालू असलेला जुना भाग काढून टाकायचा नाही. डिकीत ठेवायचा. माझ्या डिकीत जुना रोटर आर्म होता, कंडेन्सर होता, फॅन बेल्ट होता, पाच-सहा पाने, फीलर गेज आणि टॉर्च. तिसऱ्या वेळी अर्धा तास उशिरा का होईना, मी त्याच गाडीने ऑफिसला पोहोचले.

गाडीचा खरा शत्रू इंजिन नव्हेच, पत्रा आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखाली जो पोकळ पत्रा लांबवर जातो, ज्याला तिथे सिल म्हणतात, त्यावर गाडीची ताकद उभी असते. हिवाळ्यात इंग्लंडमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं पाणी या पोकळीत शिरतं आणि आतून खात बसतं. बाहेरून रंग झकास दिसतो. तिसऱ्या वर्षी माझे २,२०० पौंड गेले ते यातच. मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा दमट हवेच्या गावांत राहणाऱ्यांनी हे खास ऐकावं. जुनी गाडी बघायला गेलात तर बॉनेट नंतर उघडा. आधी चटई उचला, स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, लोहचुंबक घेऊन जा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुटी आहे.

आता इंग्लंडमध्ये हे सगळं जमतं का, त्याची कारणं बघू. ती माणसांच्या प्रेमापुरती नाहीत, व्यवस्थेचीही आहेत.

एमजी कार क्लब १९३० पासून आहे, एमजी ओनर्स क्लब १९७३ पासून. त्यांच्याकडे हजारो लोकांचा अनुभव लिहून ठेवलेला आहे. भाग बनवणारे आणि घरपोच पाठवणारे अनेक आहेत. इतकंच नाही, १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ कारखान्याचे साचे वापरून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी बनवून देते. कारखाना बंद झाल्यावर साचे भंगारात गेले असते तर विषय संपला असता. ते कुणीतरी जपले.

दुसरं, कायदा. माझ्या गाडीला रस्ता कर शून्य होता, कारण ती ऐतिहासिक वर्गात नोंदलेली होती. पण दर वर्षी एमओटी तपासणी मात्र करून घ्यावी लागायची: ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, पत्रा. मे २०१८ पासून तिथे ४० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना त्या तपासणीतूनही सूट आहे. माझं मत विचाराल तर ही सूट नको होती. रोज रस्त्यावर येणारी गाडी वर्षातून एकदा परक्या डोळ्यांनी बघितली गेलीच पाहिजे. पण मुद्दा हा, की कायदा म्हणतो: गाडी जुनी आहे, तिला मान आहे, आणि तुम्ही ती चालवू शकता. जर्मनीत ३० वर्षांवरच्या, मूळ स्थितीत जपलेल्या गाडीची तपासणी करून तिच्या क्रमांकाच्या शेवटी एच अक्षर देतात. तो एच असला की शहरांच्या प्रदूषण-नियंत्रित भागांतही ती गाडी नेता येते.

आपल्याकडे काय आहे? २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र नियम केले. ५० वर्षांवरची, मूळ स्वरूप न बदललेली गाडी, क्रमांकात व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीचे २० हजार रुपये, नूतनीकरणाचे पाच हजार. जुन्या गाडीला कायद्यात नाव मिळालं, हे चांगलंच झालं. पण त्यात एक अट आहे. ही गाडी रस्त्यावर नियमित वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अभ्यास, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे रोज चालवायची असेल तर ही नोंदणी घेऊन उपयोग नाही. मग तुम्ही साध्या नोंदणीत राहता: १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फिटनेस, हरित कर. मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेलं होतं. दिल्ली आणि आसपासच्या भागात तर डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं अशी मर्यादा २०१५ मध्ये हरित लवादाने घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यात पुढे बदल होत राहिले आहेत, तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी गाडी घेण्याआधी त्या दिवशीचा नियम बघून घ्यावा.

मी या नियमांच्या विरोधात भाषण करायला आलेले नाही. प्रदूषणाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं पेट्रोल ती दर किलोमीटरला आजच्या गाडीच्या कितीतरी पट बाहेर टाकत होती. लोक सांगतात की नवी गाडी बनवायलाही पोलाद, वीज, पाणी लागतंच, ते जुन्या गाडीत वाचतं. खरं आहे. पण ज्याच्या नाकासमोर माझा सायलेन्सर आहे, त्या सायकलवाल्याला हा युक्तिवाद ऐकवून काय फायदा? एका शहरात अशा शंभर गाड्या असल्या तर हवेला फरक पडत नाही. एक लाख असल्या तर शहर गुदमरेल. म्हणून सगळ्यांनी जुन्या गाड्या घ्या, असं मी कधीच म्हणणार नाही.

सुरक्षिततेचंही तसंच. एअरबॅग नाही, एबीएस नाही, बाजूने धडक बसली तर दारात पातळ पत्रा. २०१६ मध्ये आमची मुलगी जन्मली. एमजीबी जीटीला मागे एक छोटंसं बाक आहे, मूल बसेल एवढं. नवऱ्याने आणि मी ठरवलं की मुलगी त्यात बसणार नाही. तिच्यासाठी आम्ही साधी, मोठी, एअरबॅगवाली गाडी घेतली. एमजीबीत मी एकटी. स्वतःपुरती जोखीम पत्करायचा मला हक्क आहे, तिच्या वतीने पत्करायचा नाही. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तू तरी कशाला बसतेस?" या प्रश्नावर माझ्याकडे आजही चोख उत्तर नाही. एवढंच सांगू शकते की मी रोज जास्त अंतर ठेवून, जास्त लक्ष देऊन, फोनला हात न लावता चालवत होते, कारण ती गाडी दुसऱ्या कशालाही लक्ष देऊच देत नाही.

मग माझं म्हणणं काय? जुनं ते सोनं, असं आपण म्हणतो. आणि सोन्याचं आपण काय करतो? लॉकरमध्ये ठेवतो, लग्नकार्याला काढतो. आपला कायदाही जुन्या गाडीला सोन्यासारखं वागवतो: एक तर लॉकरमध्ये ठेवा, नाही तर मोडीत घाला. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा हवी. वर्षाला ठरावीक किलोमीटर, दर वर्षी कडक तपासणी, गर्दीच्या शहरी भागांत वेळेची मर्यादा, आणि त्या बदल्यात गाडी रस्त्यावर चालवायची मुभा. जर्मनीचा एच अनुभव आहे, इंग्लंडचा ऐतिहासिक वर्ग आहे. दोन्हींतलं चांगलं घेता येईल. प्रदर्शनात उभी असलेली गाडी दिसते, पण ती कशी चालते हे ज्याने चालवली नाही त्याला कळत नाही, आणि ज्याने दुरुस्त केली नाही त्याला तर मुळीच नाही.

आणि इथेच खरी काळजी आहे. इंदूरला आमच्या अ‍ॅम्बेसिडरचं काम करणारे उस्ताद आता सत्तरी ओलांडून गेलेत. ते डिस्ट्रिब्युटर फिरवून कानाने टायमिंग लावतात. टायमिंग लाइट घेऊन मी त्यांचं काम एकदा तपासलं होतं, अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. एमजीबीच्या इंजिनाबद्दल इंग्लंडमध्ये जाडजूड पुस्तकं मिळतात. त्याच इंजिनाबद्दल, आपल्या उन्हात, आपल्या पेट्रोलवर, आपल्या रस्त्यांवर ते कसं वागतं, हे उस्तादांच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. अ‍ॅम्बेसिडर २०१४ मध्ये बंद झाली. त्यांची मुलं मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात आहेत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ज्या गाड्या रोज रस्त्यावर येत नाहीत, त्यांच्यावर कुणाचं पोट भरत नाही. गाड्या लॉकरमध्ये गेल्या की मिस्त्री घरी बसतो, आणि मिस्त्री घरी बसला की दहा वर्षांनी ती लॉकरमधली गाडीही चालू होत नाही.

शेवटी, ज्यांना तरीही जुनी गाडी घ्यायचीच आहे, आणि सभागृहात असे पाच-सहा चेहरे मला दिसतायत, त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी.

पहिली, आधी मिस्त्री शोधा, मग गाडी. तुमच्या गावात पद्मिनीचा चांगला मिस्त्री असेल तर पद्मिनी घ्या, कॉन्टेसाचा असेल तर कॉन्टेसा. उलट क्रमाने जाऊ नका.

दुसरी, पेट्रोलच्या नळ्या बदला. आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं. जुन्या रबराला इथेनॉल मऊ करतं, मग गळती, आणि गरम सायलेन्सरवर गळती म्हणजे आग. इथेनॉल सोसणारी नळी फार महाग नाही. त्याच वेळी कार्ब्युरेटरचे सील आणि पंपाचं डायफ्रॅमही तपासून घ्या. गाडीत आग विझवायचं छोटं सिलिंडर ठेवा.

तिसरी, सिलिंडर हेडची चौकशी करा. या गाड्या शिसंयुक्त पेट्रोलवर बनलेल्या. ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये मऊ थरासारखं काम करायचं. आपल्याकडे शिसं २०००च्या फेब्रुवारीपासून बंद झालं. हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवल्या नसतील तर रोजच्या वापरात बीडाची बैठक हळूहळू झिजते आणि टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. फट वारंवार कमी होताना दिसली की समजा काम आलं.

चौथी, घरात ही एकमेव गाडी ठेवू नका. दुसरी गाडी, स्कूटर, मेट्रोचा पास, काहीतरी हाताशी असू द्या. घाईत केलेली दुरुस्ती जुन्या गाडीला मारते. "उद्या सकाळी पाहिजेच" असं मिस्त्रीला म्हणायची वेळ येऊ नये.

आणि पाचवी गोष्ट गाडी न घेणाऱ्यांसाठी, म्हणजे बाकी सगळ्यांसाठी. तुमच्या शहरात, मग ते बडोदा असो, हैदराबाद असो की बेळगाव, एखादे उस्ताद असतील. त्यांच्या गॅरेजात एक दुपार जाऊन बसा. चहा सांगा. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, "हे इंजिन उन्हाळ्यात का तापतं?" मग फक्त ऐका. मी इंदूरला हे सुरू केलंय, आतापर्यंत अकरा तासांचं बोलणं जमलंय. साचे जपायला कारखाना लागतो. बोलणं जपायला तेवढंही लागत नाही.